मीठ, लोकर आणि नकाशा : जोहारच्या शौकांची गोष्ट

सोनार दागिना सांधताना तुम्ही पाहिला असेल. सांध्यावर तो आधी एक पांढरी पूड पाण्यात कालवून लावतो आणि मग फुंकणीने ज्योत त्यावर धरतो. पूड फुगते, वितळते, काचेसारखी चकाकते आणि डाख पाण्यासारखा सांध्यात पसरतो. ही पूड म्हणजे टंकणखार. धातू तापला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्या थरावर डाख धरत नाही. वितळलेला टंकणखार हा थर विरघळवून टाकतो आणि सांधा स्वच्छ ठेवतो. सोनाराला यामागचे रसायनशास्त्र माहीत असो वा नसो, हे काम त्याच्या कित्येक पिढ्या करीत आल्या आहेत.

पण हा टंकणखार येत होता कुठून? आज तो खाणींतून आणि कारखान्यांतून येतो. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत भारतातच नव्हे, तर युरोपातही तो मुख्यतः तिबेटमधून जात असे. तिबेटच्या पठारावर अनेक सरोवरे अशी आहेत की त्यांतले पाणी बाहेर वाहून जायला वाटच नाही. पाणी उन्हावाऱ्याने उडून जाते आणि क्षार काठाशी साचत राहतात. त्यात साधे मीठ असते, तसाच टंकणखारही असतो. हे क्षार पाच हजार मीटरहून उंच खिंडी ओलांडून खाली आणायचे, तेही मोटार, रेल्वे किंवा धड बैलगाडीचा रस्ता नसताना! हे काम हिमालयातल्या काही छोट्या जमातींनी शेकडो वर्षे केले. त्यांपैकीच एका जमातीची, जोहार खोऱ्यातल्या शौकांची, ही गोष्ट आहे. या गोष्टीत मीठ आहे, मेंढ्या आहेत आणि मधेच एक शाळामास्तरही आहेत.

नाव आणि गाव

उत्तराखंडाच्या पिथौरागढ जिल्ह्यात गोरीगंगा नावाची नदी आहे. मिलम हिमनदीतून ती निघते आणि दक्षिणेकडे वाहत जाऊन जौलजीबी येथे काली नदीला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्याला जोहार म्हणतात. पश्चिमेला नंदादेवीची शिखरे आणि पूर्वेला पंचाचूली, यांच्यामधली ही अरुंद दरी. दरीच्या अगदी वरच्या टोकाला सुमारे ३,४०० मीटर उंचीवर मिलम हे गाव आहे. त्याच्या खाली बिलजू, बुर्फू, मर्तोली, रिलकोट अशी गावे लागतात. दरी जिथे रुंदावते तिथे, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, मुन्सियारी आहे.

सरकारी कागदपत्रांत या लोकांची नोंद 'भोटिया' अशी आहे. तिबेटी लोक आपल्या देशाला 'बोद' म्हणतात, त्यावरून हे नाव बाहेरच्यांनी दिले. जोहारचे लोक स्वतःला शौका म्हणवतात. शेजारच्या दारमा, ब्यांस आणि चौदांस या खोऱ्यांत राहणारे स्वतःला रं म्हणवतात, तर गढवालमधल्या माणा आणि नीती खोऱ्यांत मार्छा आणि तोल्छा राहतात. या सगळ्यांना एकाच 'भोटिया' या शब्दाखाली बसवले गेले असले तरी त्यांच्या बोली, चालीरीती आणि व्यापाराच्या वाटा वेगवेगळ्या होत्या. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडातल्या सर्व भोटियांची मिळून संख्या सुमारे ३९ हजार होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावात याहून अधिक लोक सापडतील.

जोहारमध्ये पूर्वी रंगकस नावाची तिबेटो-बर्मी कुळातली बोली बोलली जात असे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत तिची नोंद झाली, पण विसाव्या शतकात ती बोलणारे कोणी उरले नाही. कुमाऊंच्या लोकांशी आणि राजांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आल्यामुळे शौकांनी कुमाऊंनी वळणाची बोली आणि बऱ्याच हिंदू चालीरीती स्वीकारल्या. रावत, पांगती, धर्मशक्तू, मर्तोलिया अशी त्यांची आडनावे आहेत. त्यांतली काही सरळ गावांच्या नावांवरून आली आहेत, जसे मर्तोलीचे मर्तोलिया.

मीठ पेरणारा लामा

जोहारमध्ये एक जुनी कथा सांगतात. फार पूर्वी या खोऱ्यात हल्दुवा आणि पिंगलुवा अशा दोन गटांचे लोक राहत. एका राक्षसी पक्ष्याने त्या सगळ्यांना खाऊन टाकले. तेव्हा पलीकडच्या बाजूला राहणाऱ्या शाक्य लामाने आपल्या सेवकाला धनुष्यबाण देऊन पाठवले आणि त्याने तो पक्षी मारला. खोरे पुन्हा वसवायचे ठरले, पण सेवकापुढे प्रश्न उभा राहिला. इथे सगळे आहे, पण मीठ कुठे आहे? तेव्हा लामाने मीठ आणले आणि धान्य पेरावे तसे जमिनीत पेरले.

कथेतला पक्षी कोणता, लामा कोण, हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. पण नव्याने वस्ती करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो मिठाचा, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. हिमालयाच्या दक्षिण उतारावर मोसमी पाऊस जोरदार पडतो. पाण्यात विरघळणारे क्षार तो धुऊन नद्यांमार्फत समुद्राकडे नेतो, त्यामुळे या बाजूला मिठाचा दुष्काळ असतो. पर्वतरांग ओलांडून पलीकडे गेलो की चित्र उलटे होते. ढग अलीकडेच रिते झालेले असतात. पलीकडे कोरडे, थंड पठार आहे. तिथे मीठ मुबलक आहे, गवतावर वाढणाऱ्या मेंढ्यांची दाट लोकर आहे, पण धान्य मात्र फार थोडे पिकते. एकीकडे धान्य आहे पण मीठ नाही, दुसरीकडे मीठ आहे पण धान्य नाही, आणि दोहोंच्या मधे एक भिंत. त्या भिंतीतल्या फटी ज्यांना ठाऊक, त्यांचा व्यापार चालणारच. आपल्याकडे लमाणांचे तांडे कोकणातले मीठ बैलांवर लादून घाटावर आणत आणि जाताना धान्य नेत. तत्त्व तेच, घाट मात्र सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच.

वर्षाचे चक्र

शौकांचे वर्ष तीन ठिकाणी विभागलेले असे. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, सारे कुटुंब मिलम, बुर्फू, मर्तोली अशा वरच्या गावांत राही. तिथे ओगल, फाफर (म्हणजे कुट्टूचे प्रकार) आणि जव अशी थोड्या दिवसांत येणारी पिके घेत. बर्फ पडू लागले की घराला कुलूप लावून मुन्सियारीच्या परिसरात उतरत. हिवाळ्यात पुरुष कळप घेऊन आणखी खाली, तेजम, बागेश्वर आणि थेट तराईच्या दिशेने जात. मकरसंक्रांतीला बागेश्वरला भरणारी उत्तरायणीची जत्रा आणि नोव्हेंबरातली जौलजीबीची जत्रा या त्यांच्या मोठ्या बाजारपेठा होत्या. तिथे तिबेटी माल विकायचा, धान्य, गूळ, कापड घ्यायचे आणि वसंतात पुन्हा वर निघायचे.

तिबेटला जायची वाट मिलमच्या वरून होती. ऊंटाधुरा, जयंतीधुरा आणि कुंगरी-बिंगरी अशा तीन खिंडी एकापाठोपाठ एक येत. तिन्ही पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर. मधल्या टप्प्यात ना चारा, ना सरपण, ना आडोसा. म्हणून शक्य तोवर तिन्ही खिंडी एका दिवसात पार करायच्या असा रिवाज होता. पहाटे अंधारात निघावे लागे, कारण ऊन चढले की बर्फ मऊ होते आणि जनावरांचे पाय रुततात. पलीकडे उतरले की ग्यानिमाची मंडी. तिथे तंबूंचे गावच उभे राही.

ओझी वाहायला प्रामुख्याने मेंढ्या आणि बकऱ्या असत. ही गोष्ट आपल्याला नवलाची वाटते. मेंढी किती ओझे उचलणार? फार तर दहा किलो. पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी लोकरीची आणि चामड्याची दुहेरी थैली असे, तिला करबछ म्हणतात. पण हिशोब करून पाहा. पाचशे जनावरांचा कळप पाच टन माल नेतो. खेचराला चारा-दाणा द्यावा लागतो, मेंढी वाटेने चरत जाते. अरुंद कड्यावरून, झुलत्या पुलावरून ती सहज जाते. एखादी दरीत पडली तर दहा किलो मालाचे नुकसान होते, सगळ्या मालाचे नाही. शिवाय ती लोकरही देते. मोठी ओझी वाहण्यासाठी याक आणि गाय यांच्या संकरातून झालेले झुप्पू वापरत.

लोकर हा या जीवनाचा दुसरा धागा होता. वाटेने चालताना पुरुषांच्या हातात टकळी फिरत असे. घरी बायका मागावर थुलमा, चुटका अशी जाड पांघरुणे आणि दन म्हणजे गालिचे विणत. पुरुष सहा-सहा महिने बाहेर असताना शेती, मुले आणि विणकाम ही सारी जबाबदारी बायकांवर असे. खोऱ्यात लोहारकाम, शिवणकाम, ढोल वाजवणे अशी कामे करणारे शिल्पकार समाजाचे लोकही होते. व्यापाराचा नफा त्यांच्यापर्यंत फारसा पोचत नसे, हेही विसरून चालणार नाही.

अर्धा करार, पूर्ण विश्वास

ज्या देशात आपले न्यायालय नाही, पोलीस नाहीत, भाषा वेगळी आहे, तिथे उधारीवर व्यापार कसा चालणार? शौकांनी यासाठी 'मित्र' ही पद्धत बसवली होती. प्रत्येक शौका व्यापाऱ्याचा तिबेटमध्ये एक ठरलेला मित्र असे. माल त्यालाच द्यायचा, त्याच्याकडूनच घ्यायचा. हे नाते जोडताना दोघे एकाच प्याल्यातून पीत. त्या पेयात सोने किंवा चांदी बुडवलेली असे, म्हणून त्या विधीचे नावच 'सोन्याचे पाणी, चांदीचे पाणी' अशा अर्थाचे होते. काही वेळा दगड फोडून त्याचे दोन तुकडे करीत आणि एकेक तुकडा दोघे जपून ठेवीत. पुढे बापाच्या जागी मुलगा आला, तरी दोन तुकडे एकमेकांत चपखल बसले की ओळख पटली. तुटलेल्या दगडाची कड नक्कल करून तयार करता येत नाही. निरक्षर माणसांनाही वापरता येईल अशी ही सही होती.

या व्यापारातल्या वस्तू मात्र काळानुसार बदलत गेल्या. १८१५ मध्ये कुमाऊं गोरख्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. १८७६ मध्ये कानपूरला लोकरीची गिरणी निघाली. १८८४ मध्ये रेल्वे हल्द्वानीपर्यंत पोचली. रेल्वेने सांभर सरोवराचे आणि समुद्राचे स्वस्त मीठ डोंगराच्या पायथ्याशी आणून ओतले आणि तिबेटी मिठाचा भाव उतरला. त्याच वेळी गिरण्यांना लोकर हवी होती. मग शौकांच्या करबछांतून मीठ कमी आणि लोकर जास्त उतरू लागली. दूरच्या एका गिरणीमुळे आणि लोखंडी रुळांमुळे पाच हजार मीटर उंचीवरच्या मेंढीच्या पाठीवरचा माल बदलला.

मिलमचे मास्तर

१८५८ ते १८६३ या काळात मिलमच्या सरकारी शाळेत एक मास्तर होते, नैनसिंह रावत. जन्म १८३०, मिलमचाच. लहानपणी वडिलांबरोबर तिबेटच्या वाऱ्या केलेल्या, तिबेटी बोलणे आणि तिबेटी रीतिरिवाज अंगवळणी पडलेले. त्यांच्या घराण्याला युरोपीय प्रवासी नवे नव्हते. १८१२ मध्ये मूरक्रॉफ्ट आणि हिअर्सी हे वेषांतर करून मानसरोवराला गेले आणि परतताना तिबेटी अधिकाऱ्यांनी त्यांना अडकवून ठेवले, तेव्हा जोहारच्या देवसिंह आणि बीरसिंह या भावांनी मध्यस्थी करून त्यांना सोडवले होते. नैनसिंहांनी स्वतः १८५५ ते १८५७ या काळात श्लागिन्ट्वाइट या जर्मन बंधूंबरोबर प्रवास केला. होकायंत्र, तापमापक, वायुभारमापक ही उपकरणे कशी वापरायची, हे त्यांना तिथे कळले.

त्या वेळी भारतीय सर्वेक्षण खात्यापुढे एक अडचण होती. हिमालयाच्या अलीकडचा नकाशा तयार होता, पलीकडे मात्र कोरा कागद. तिबेटमध्ये युरोपीय माणसाला प्रवेश नव्हता. खात्यातल्या कॅप्टन माँटगोमरी यांनी स्थानिक माणसांना शिकवून पाठवण्याची कल्पना मांडली. १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मानीसिंह यांची निवड झाली आणि डेहराडूनला सुमारे दोन वर्षे त्यांचे प्रशिक्षण झाले. पुढच्या अहवालांमध्ये नैनसिंहांचे खरे नाव लपवून त्यांना नुसते 'पंडित' म्हटले गेले. मास्तरांना गावाकडे पंडित म्हणत, तेच गुप्त नाव झाले.

शंभर मण्यांची माळ

आमच्यासारख्या, उपकरणांशी रोज झटापट करणाऱ्यांना या प्रवासातले सर्वांत आकर्षक वाटते ते त्यांचे मोजमापाचे तंत्र. ते सविस्तर पाहण्यासारखे आहे.

अंतर मोजण्याचे साधन होते स्वतःचे पाऊल. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, असा सराव करून घेतला होता. मैलाला सुमारे २,००० पावले, म्हणजे एक पाऊल साधारण ८० सेंटिमीटर. मोजणी ठेवायला हातात जपमाळ. बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. या माळेत मात्र १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ एकदा फिरली की १०,००० पावले, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या कागदाऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या होत्या. जप करीत चाललेल्या यात्रेकरूला सहसा कोणी हटकत नाही, त्यामुळे मोजणीही अखंड चाले.

अक्षांश काढायला तारे. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, जवळपास तितकाच त्या ठिकाणचा अक्षांश असतो. (ध्रुवतारा ध्रुवाच्या अगदी नेमका वर नाही, म्हणून तक्त्यावरून थोडी दुरुस्ती करावी लागते.) पण डोंगरांनी वेढलेल्या प्रदेशात क्षितिज दिसणार कसे? यासाठी पाऱ्याचा उपयोग केला. कवड्यांत भरून नेलेला पारा लाकडी वाडग्यात ओतला की त्याचा पृष्ठभाग आपोआप आडवा, सपाट होतो आणि आरसा तयार होतो. तारा आणि त्याचे पाऱ्यातले प्रतिबिंब यांच्यामधला कोन कोनमापकाने मोजायचा आणि निम्मा करायचा. क्षितिजाची गरजच उरत नाही.

उंची काढायला उकळते पाणी. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळ मानाने दर ३०० मीटरला एक अंश सेल्सियस. मिलमला पाणी ८८-८९ अंशांना उकळते. तिथे डाळ शिजत नाही म्हणून गृहिणी कुरकुरते. त्याच गोष्टीवरून मास्तर उंची काढीत होते. तापमापक काठीच्या पोकळीत लपवलेला असे.

१८६५ च्या जानेवारीत दोघे निघाले. कुमाऊंकडून वाट मिळेना म्हणून नेपाळमार्गे गेले. सीमेवर एकदा परत फिरावे लागले. मानीसिंहांना पुढे जाता आले नाही, नैनसिंह मात्र वेष पालटून आत शिरले. लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर ते शिगात्सेला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. पैसे संपले तेव्हा त्यांनी व्यापाऱ्यांना हिशोब लिहायला शिकवून पोट भरले. मास्तरकीच कामाला आली! परतताना मानसरोवरापर्यंत त्सांगपो नदीच्या वरच्या अंगाची मोजणी करीत ते आले. सारा मिळून सुमारे १,२०० मैलांचा प्रवास. पावलांत सांगायचे तर जवळजवळ चोवीस लाख. ल्हासाचा अक्षांश त्यांनी २९ अंश ३९ मिनिटे असा काढला. आजच्या नकाशातही तो तोच आहे.

पावले मोजण्यात चूक होणारच. मग एवढ्या लांब मोजणीवर विश्वास का ठेवायचा? कारण एकच गोष्ट दोन स्वतंत्र रीतींनी मोजली होती. वाटेत ठिकठिकाणी ताऱ्यांवरून अक्षांश काढलेले होते. उत्तर-दक्षिण दिशेने पावलांनी मोजलेले अंतर आणि अक्षांशांच्या फरकावरून निघणारे अंतर यांची तुलना करता येत होती. शिवाय प्रवासाची दोन टोके, काठमांडू आणि मानसरोवर, यांची स्थाने आधीच ठाऊक होती. दोन्ही टोके पक्की बांधलेली दोरी मधे फार ढळत नाही. चांगल्या मोजमापाचा हा नियम आजही तसाच आहे.

पुढे १८६७ मध्ये नैनसिंहांनी ठोक-ज्यालुंगच्या सोन्याच्या खाणी पाहिल्या. महाभारताच्या सभापर्वात तंगण, परतंगण इत्यादी उत्तरेकडचे लोक मुंग्यांनी उकरलेले 'पिपीलिक' सोने युधिष्ठिराला आणून देतात असा उल्लेख आहे. त्या सोन्याचा उगम तिबेटच्या अशा खाणींत असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी नंतर केला. १८७४-७५ मध्ये नैनसिंह लेहपासून ल्हासामार्गे आसामपर्यंत गेले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचे चुलतभाऊ किशनसिंह १८७८ ते १८८२ अशी चार वर्षे तिबेट ओलांडून थेट चीनमधल्या दुनहुआंगपर्यंत जाऊन आले. वाटेत लुटले गेले, गुराख्याचे काम करून पोट भरले. एकदा चोरांच्या भीतीने तांड्याबरोबर घोड्यावरून जाणे भाग पडले, तेव्हा त्यांनी घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावले मोजली!

कोणाचा नकाशा?

ही कथा वर्गात सांगताना मुले भारावून जातात. पण तिथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, असे आम्हाला वाटते. नैनसिंह ज्यांच्यामध्ये वेष पालटून गेले ते परके शत्रू नव्हते. त्यांच्याच देशातल्या मित्रांच्या भरवशावर जोहारची चूल पेटत होती. नकाशा मात्र ब्रिटिश साम्राज्याला हवा होता. १९०४ मध्ये यंगहजबंडच्या फौजा ल्हासाला पोचल्या, तेव्हा पंडितांनी गोळा केलेली माहिती हाताशी होतीच. आणखी एक भारतीय प्रवासी, शरच्चंद्र दास, १८८०च्या सुमारास ल्हासाला जाऊन आले. त्यांना आश्रय देणाऱ्या तिबेटी लामाला पुढे त्यासाठी देहदंड झाला.

मग नैनसिंह चुकले का? याचे उत्तर सोपे नाही. ज्ञानाची ओढ, पोटाची गरज, सरकारी नोकरीचा मान, यांतले नेमके काय त्यांना घेऊन गेले, हे वेगळे करता येणार नाही. त्यांनी मिळवलेले ज्ञान खरे होते, आजही खरे आहे. ते कोणी, कशासाठी वापरले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. विज्ञान शिकवताना पहिली गोष्ट आपण नेहमी सांगतो. दुसरीही सांगायला हवी.

खिंड बंद झाली

नकाशावर रेघा आखल्या गेल्या की त्यांचे पुढे काय होईल, हे आखणाऱ्याच्या हाती राहत नाही. १९५०-५१ मध्ये चीनचे सैन्य तिबेटमध्ये आले. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत-चीन करार झाला. पंचशील म्हणून आपण ज्याचे नाव घेतो तोच हा करार. त्यात व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सहा खिंडींची नावे होती, त्यांत जोहारची कुंगरी-बिंगरी होती. जून १९६२ मध्ये या कराराची मुदत संपली. ऑक्टोबरमध्ये युद्ध सुरू झाले.

त्यानंतर जोहारची वाट बंद झाली ती झालीच. काहींची उधारी पलीकडेच अडकली. दगडाचे अर्धे तुकडे इकडे राहिले, उरलेले अर्धे तिकडे. मेंढ्यांचे मोठे कळप ठेवण्याला अर्थ उरला नाही. तिबेटी लोकर येईनाशी झाल्यावर माग थंडावले. वरच्या गावांतली दगडी घरे, सुंदर कोरीव चौकटींसह, एकेक करून ढासळली. एके काळी शेकडो घरांच्या मिलममध्ये आता उन्हाळ्यापुरती थोडीच कुटुंबे येतात. १९६७ मध्ये भोटियांचा अनुसूचित जमातींमध्ये समावेश झाला. शिक्षणाची परंपरा आधीपासून होतीच. तिच्या आणि आरक्षणाच्या आधाराने अनेक शौका कुटुंबांतले लोक शिक्षक, अधिकारी, डॉक्टर झाले. जमात टिकली, पण तिचे वर्षाचे चक्र मोडले. मुले हल्द्वानी, डेहराडूनला वाढली. त्यांना खिंडींची नावे आजोबांच्या गोष्टींतून माहीत आहेत.

शेजारच्या ब्यांस खोऱ्यातली लिपुलेख खिंड १९९२ मध्ये व्यापारासाठी पुन्हा उघडली, २०२० मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि २०२५ मध्ये ती उघडण्यावर दोन्ही देशांचे एकमत झाले. जोहारच्या वाटेला हे भाग्य लाभले नाही.

निसर्गही जागचा हलला आहे. मिलम हिमनदीचे टोक कुठे आहे याची नोंद १९०६ मध्ये भूवैज्ञानिकांनी केली होती. तेव्हापासूनच्या शंभर वर्षांत ते दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे. वरच्या कुरणांत आता वेगळाच हंगाम असतो. बर्फ वितळताच माणसे गुडघ्यांवर रांगत कीडाजडी शोधताना दिसतात. एका किड्याच्या अळीवर वाढणारी ही बुरशी, औषधी म्हणून चीनच्या बाजारात तिला प्रचंड किंमत येते. म्हणजे तिबेटकडच्या व्यापाराची दारे बंद असली तरी ओढ संपलेली नाही. अति तोडीमुळे ही बुरशी मात्र दुर्मिळ होत चालली आहे.

वर्गासाठी काही

मुन्सियारीला २००० साली शेर सिंह पांगती या निवृत्त शिक्षकाने आपल्या घरातच एक संग्रहालय उभे केले. करबछ, टकळ्या, माग, तिबेटी चहाची भांडी, जुनी कागदपत्रे अशा घराघरांतून अडगळीत गेलेल्या वस्तू त्यांनी गोळा केल्या. यासाठी मोठे अनुदान किंवा मोठी इमारत असावीच लागते, असे नाही. आपल्या गावात धनगरांचा वाडा असेल, लमाणांचा तांडा असेल, जुना घाट असेल. त्या घाटाने काय वर जात होते, काय खाली येत होते, ते कधी आणि कशाने थांबले, हे मुलांना म्हाताऱ्या माणसांकडून विचारून आणायला सांगता येईल.

आणि एक प्रयोग. शाळेच्या पटांगणावर शंभर मीटरची रेघ आखा. प्रत्येक मुलाने ती तीनदा चालावी आणि पावले मोजावीत. तिन्ही वेळा आकडा सारखा येतो का? सरासरी पावलाची लांबी काढा. मग शाळेपासून घरापर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. चिंचोक्यांनी हिशोब ठेवा, दर शंभर पावलांना एक चिंचोका या खिशातून त्या खिशात. शेवटी हे अंतर नकाशावरून किंवा सायकलच्या चाकाच्या फेऱ्यांवरून ताडून पाहा. चूक किती टक्के आली? चढावर पाऊल आखूड पडते का? बोलत चालल्यावर मोजणी चुकते का?

एक किलोमीटरच्या मोजणीत किती गोंधळ होतो हे एकदा कळले, की मग चोवीस लाख पावलांचा अर्थ मुलांना वेगळा सांगावा लागणार नाही.